दावणीवर टांगलेला सूट

१

सूर्यभान सांगळे बुडून मेला यात मला नवल वाटलं नाही. तो पाणबुड्या होता, आणि पाण्याची भाकरी खाणाऱ्याला पाणी कधीतरी हिशेब मागतंच. पण त्याच्या गळ्यातली रबरी कॉलर कुणीतरी पात्यानं कापली होती. नवल वाटलं ते त्याचं.

मी राजेश्वरी धनवटे, सहायक पोलीस निरीक्षक. पुणतांब्याची, गोदेच्या काठची, त्यामुळं बुडालेली माणसं लहानपणापासून पाहिलेली. आता आपल्याला कशाचा धक्का म्हणून बसत नाही असा माझा तोरा होता. त्या दुपारी मुळा धरणाच्या फुगवट्यावर तो पार उतरला.

राहुरीच्या वरच्या अंगाला एका गावची पाणीयोजना आहे. धरणाच्या पाण्यात विहीर, तिच्या तळाला जाळी, जाळीतून पाणी आत येतं. ऐन गणपतीत ती जाळी गाळानं बुजली आणि गावचे नळ कोरडे पडले. म्हणून सूर्यभानला बोलावलं. तो उतरला, वरच्या माणसाच्या हातातल्या दोरीला हिसके बसले, मग दोरी ढिली पडली. चौघांनी मिळून ओढला तेव्हा पोशाखात पाणी भरून त्याचं पोतं झालं होतं.

हा पोशाख म्हणजे ड्रायसूट. तळव्यापासून गळ्यापर्यंत एकसंध, आतला माणूस कोरडाच्या कोरडा. धरणाच्या तळाला पाणी गार आणि घाण असतं, तिथं तासन्‌तास काम करायचं तर हाच लागतो. पाणी शिरायला जागा तीनच, दोन मनगटं आणि गळा. तिथं पातळ रबर कातडीला चिकटून बसतं आणि पाणी अडवतं. सूर्यभानच्या गळ्याचं ते रबर समोरून कापलेलं होतं आणि बोटभर रुंदीचा तुकडाच गायब होता.

"मॅडम, म्या माझ्या कानानं ऐकलंय," योजनेचा पंप चालवणारा सुनील मला बाजूला घेऊन म्हणाला. "काल सांच्याला दोघांची लई जुंपली हुती. कल्याण त्याला म्हनला, उद्या उतरलास तर मरशील."

कल्याण म्हणजे वर दोरी धरणारा, सूर्यभानचा साथीदार. तो प्रेताचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी समोर उभी राहिले तरी त्यानं वर बघितलं नाही. मी अजून एक शब्दही विचारला नव्हता.

"कॉलर म्याच कापली," तो म्हणाला. "लिवून घ्या."

२

तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या हवालदार सहादेवनं इतका आयता गुन्हेगार बघितला नव्हता. तो खूश होता.

"मॅडम, त्यो सोताहून कबूल करतोय. उद्या सकाळी कोर्टात उभा केला की सुटलो आपण. उगं कोळसा कशाला उगाळायचा?"

मला कोळसा उगाळायची खोड आहे. माहेरीही तेच म्हणतात, सासरीही तेच. मी कल्याणला समोर बसवलं. तिशीतला, सडसडीत, पाण्यानं बोटं पांढरी पडलेली. दोघंही जामखेडकडचे, एकाच वस्तीतले. कल्याणची आई लहानपणी गेली आणि सूर्यभानच्या आईनं, दगडाबाईनं, त्याला सूर्यभानच्या ताटात जेवू घातलं. ही माहिती सहादेवनं काढली. कल्याणनं यातलं काही सांगितलं नाही.

"का कापलीस?"

गप्प.

"भांडण कशावरून?"

गप्प.

"अरे, बुडालेल्या माणसाला श्वास मोकळा व्हावा म्हणून कापली असशील तर तसं सांग. एवढं म्हटलंस तरी आत्ता घरी जाशील."

त्यानं मान हलवली. नाही म्हणाला. आता मला खरंच चमत्कारिक वाटायला लागलं. दार उघडून दिलं तरी हा बाहेर पडत नव्हता. जन्मठेप होईल एवढं न कळण्याइतका तो खुळा दिसत नव्हता.

मग मी वाट बदलली. "तो सूट ठेवायचा कोण?"

"म्या," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. "काम झालं की ग्वाड्या पान्यानं धुयाचा. भायेरनं वाळवायचा, मंग उलटा करून आतनं. सावलीत. चेनीला मेन चोळायचं, चेन उघडी ठिवायची. कॉलरीला आन्‌ मनगटाला साधी पावडर, वासाची न्हाई. पायाकडनं टांगायचा, घडी घालायची न्हाई. उन्हात न्हाई, मोटारीपाशी न्हाई, पेट्रोलपाशी न्हाई, तांब्याच्या तारंपाशी न्हाई. रबर म्हंजी लेकरू असतं मॅडम. मुंबईच्या उस्तादानं शिकवलंय."

"एवढ्या निगुतीनं ठेवतोस आणि मग ब्लेड लावतोस?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

३

सूट आमच्या मागच्या खोलीत ताडपत्रीवर पसरला होता. मी दार उघडलं तर सहादेव पायातली चप्पल हातात घेऊन उभा. "मुंग्या झाल्यात मॅडम. लाल."

मुंग्यांची ओळ ताडपत्री चढून थेट गळ्याशी गेली होती. मनगटांकडे एकही नव्हती, पायांकडे नव्हती.

मी वाकून हात लावला. मनगटाचं रबर मऊ, कोरडं, पावडरीनं गुळगुळीत. गळ्याचं उरलेलं रबर मात्र बुळबुळीत आणि फुगलेलं. बोटानं जरा ओढलं तर शिळ्या पोळीसारखं फाटून हातात आलं. एकाच सुटाचं, एकाच दिवशी बसवलेलं, एकाच ठिकाणी टांगलेलं रबर. मनगट धडधाकट आणि गळा सडलेला, असं कसं होईल?

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"बुडूनच मेला. गळ्याला जखम न्हाई. फकस्त मानंभोवती पिवळं कडं हाय. भंडारा लावला असंल खंडोबाचा. पान्यात उतरताना देव आठवतोच की."

मी पुन्हा कॉलर बघायला लागले. विहिरीच्या तळाचा काळा गाळ सगळ्या रबरावर बसला होता, सुरकुतीसुरकुतीत शिरला होता. मी कापलेली कड दिव्यासमोर धरली.

कड स्वच्छ होती. गाळाचा कणही नाही.

मी तिथंच खाली बसले. पाण्यात उतरण्याआधी कापलेली असती तर त्या कडेलाही गाळ बसला असता. म्हणजे पातं लागलं ते सूर्यभानला वर काढल्यावर. तेव्हा तो मेलेला होता. कल्याण खोटं बोलत नव्हता, कॉलर त्यानंच कापली होती. पण मेलेल्या माणसाची.

मी सुनीलला फोन लावला. "वर काढल्यावर कल्याण एकटा होता का?"

"व्हय. आमाला म्हनला बाज आना, गाडी बोलवा. आमी सगळे पळालो. त्योच बसला हुता मड्यापाशी. सूर्यभानच्या पायाला सुरी बांधलेली असायची, ती हातात हुती त्याच्या."

म्हणजे त्या रबरावर असं काहीतरी होतं, जे आम्ही बघू नये म्हणून कल्याण फासावर जायला तयार होता.

४

सांगळ्यांचं घर राहुरीच्या बाहेर, उसाच्या पट्ट्यात. दोन खोल्या आणि बाजूला पत्र्याचा गोठा. सुतकाचं घर, चूल बंद, गौरी-गणपती शेजारी नेऊन ठेवलेले. सूर्यभानची बायको सविता शिलाई मशीनपाशी भिंतीला टेकून बसली होती. मला बघताच तिनं पहिलं वाक्य टाकलं ते कल्याणसाठी.

"त्याला सोडू नका. आमच्या ताटात जेवला त्यो."

"कल्याणचं राहू दे, तुझं सांग," मी म्हटलं. मी जरा तिखटच बोलते, तपासात तर जास्तच. "हे काम सोड म्हणून नवऱ्याशी भांडायचीस तूच, असं शेजारी सांगतात."

"भांडायची. जितं राहावं म्हनून भांडायची," ती शांतपणे म्हणाली. मला लाज वाटली.

"सूर्यभान उतरताना गळ्याला भंडारा लावायचा?"

"काही लावायचा न्हाई. कल्याण लावू द्यायचा न्हाई. म्या एकदा त्यांच्या डोक्याला तेल घातलं तर कल्याणनं सगळं घर डोक्यावर घेतलं. वहिनी, तेलाचं बोट बी लागलं तर रबर मरतंय, म्हनला. सगळ्यात जास्त तेलावर वरडायचा. मला न्‌ ह्यांनाच वरडायचा. आत्याबाईंपुढं, ह्यांच्या आईपुढं, त्याची जीभ उचलायची न्हाई."

दुपारी कल्याणनं मला रबराचे सगळे वैरी सांगितले होते. ऊन, मोटार, पेट्रोल, तांबं. तेल सांगितलं नव्हतं. जे सगळ्यात आधी सांगायचं तेच गाळलं होतं.

मी उठून गोठ्यात गेले. गोठा झाडलेला, शेणाचा वास नाही, दावण रिकामी. दावणीवरच्या वाशाला सूट अडकवायचा लाकडी दांडा. आणि दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, पोळ्याचं, वाळलेलं. बैल नसलेल्या गोठ्याला पोळ्याचं तोरण कशाला बांधलं असेल?

दगडाबाई माझ्या मागं येऊन उभी होती. काटक म्हातारी, ऊसतोडीनं पाठ वाकलेली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मावशी, बैल कुठं गेले?"

"इकले. आमची जोडी इकून त्यो रबराचा घेतला. लेक म्हनला, आई, आता कोयता न्हाई, गाडी न्हाई. बैलं गेली तवा म्या जेवले न्हाई. पर खरंच कोयता सुटला. त्यानंच जगवलं आमाला." ती रिकाम्या दांड्याकडे बघत होती.

"मग यंदा पोळा कसा केला?"

मला उत्तर नको होतं. विचारतानाच नको होतं.

"केला की," ती म्हणाली, आणि त्या दुःखातही तिच्या तोंडावर जरासा अभिमान उमटला. "कल्याण पोळ्याला गावाकडं गेल्ता, भावाची बैलं हायती. लेक बी बाजाराला. म्या सांच्याला खांदेमळन केली. बैलाच्या खांद्यावर जू बसतं, म्हनून आपुन खांदा मळतो. माझ्या लेकाच्या जिवाचा भार त्या गळ्यावर. मंग म्या त्या रबराच्या गळ्याला तूप न्‌ हाळद लावली. चांगली जिरंस्तोवर चोळली. आन्‌ त्याला म्हनलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. वरनं फडक्यानं पुसून ठिवलं. निवदाची पोळी बी दावली."

मी पण शेतकऱ्याची पोर. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझे वडील बैलांचे खांदे असेच मळायचे आणि हेच आवतण द्यायचे. गोठ्यातला तो तुपाहळदीचा वास माझ्या नाकात अजून आहे. मी म्हातारीच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"का इचारताय?" तिनं विचारलं.

"असंच," मी म्हटलं, आणि गाडीकडे जवळजवळ पळत गेले.

५

सकाळी कोर्टात न्यायच्या आधी मी कल्याणला बाहेर काढलं. सहादेवलाही बसवलं, कारण त्याला पटवल्याशिवाय माझं मलाच पटत नाही.

"कल्याण, मी सांगते, चुकलं तर थांबव. तू गावाहून परवा आलास. सूट पोळ्याच्या आधी तू ठेवला होतास, त्यानंतर तपासला नव्हतास. म्हणून तू सूर्यभानला म्हणालास, आधी हौदात घालून बघू, न बघता उतरलास तर मरशील. सुनीलनं तेवढं शेवटचंच ऐकलं. खरं?"

त्यानं मान खाली घातली.

"गावाला पाणी नव्हतं, सूर्यभानला घाई. तू त्याला पाण्याखाली हवा पुरवणाऱ्या मशीनपाशी, त्यानं वरून पावडर फासली आणि सूट स्वतःच चढवला. एवढे दिवस तूप मुरून रबर फुगलेलं. तळाशी मान वळवली आणि ते फाटलं, पोशाख पाण्यानं भरला, तोंडातली हवेची नळी सुटली. वर काढल्यावर तू त्याच्या गळ्याशी वाकलास, तेव्हा तुला वास आला. पिवळं दिसलं. वर्षातून एकदा तो वास येतो, आणि त्या घरात खांदेमळणी कोण करतं ते तुला माहीत होतं. म्हणून सगळ्यांना पळवलंस, फाटलेला पिवळा तुकडा कापलास आणि पाण्यात टाकलास. पण कडेला गाळ लागला नाही, मुंग्यांना तूप सापडलं, आणि मानेवरची हळद तुला पुसता आली नाही."

सहादेवनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्यो तुकडा धरला न्‌ माझी वाचाच बसली मॅडम," कल्याण म्हणाला. "आईनं लाडानं केलं. म्या तिला कधी सांगितलंच न्हाई, तेल-तूप चालत न्हाई म्हनून. तिला कसं सांगायचं, तू हात लावू नगं म्हनून? तिच्याच हातचं खाऊन वाढलोय. चूक माझी हाय. मला जाऊ द्या आत. पर म्हातारीला कळू दिऊ नका. ती दुसऱ्या दिवशी जित्ती राहायची न्हाई."

"आणि तू जन्मभर तिच्या लेकाचा खुनी म्हणून राहशील?"

"राहीन की."

इतकं साधं म्हणाला तो. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं. मी दोन्ही केलं नाही. निरपराध माणसाला मी कोर्टात उभं करणार नव्हते. पण रबर कशानं सडलं, हे त्या घरात माझ्या तोंडून निघणार नाही असं मी त्याला वचन दिलं. वचन देताना मला वाटलं, हे जमेल.

६

कल्याणला मीच गाडीतून सांगळ्यांच्या घरी नेलं. गावात बातमी पसरायच्या आत त्या दोघींना माझ्याकडून कळायला हवं होतं.

सविता त्याला बघून उठली. मी तिला थांबवलं आणि सांगितलं की कॉलर त्यानं नंतर कापली, मेल्यावर. खून नाही. रबर आधीच खराब झालं होतं, ते पाण्यात फाटलं. अपघात.

"मंग कापली कशाला?" सवितानं विचारलं. "सांग की. कशाला कापली?"

कल्याण दोन पावलं मागं सरला.

दगडाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं कल्याणकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्याडम, रबर कशानं खराब झालं?"

"जुनं झालं होतं, मावशी."

"मंग मनगटाचं बी फाटलं?"

खोटं बोलायला मी काही कमी नाही, चोरांशी रोज बोलते. पण त्या म्हातारीपुढं एक साधं 'हो' मला म्हणता आलं नाही.

"काल तुमी पोळ्याचं इचारलं," ती सावकाश म्हणाली. "आन्‌ न बोलता निघून गेला. म्या रातभर त्येच घोळवलं मनात. सविता, कल्याण तुला कशावर वरडायचा गं?"

सवितानं तोंडावर हात घेतला. तिला आत्ता कळलं होतं. कल्याण पुढं झाला, "आई, तसं काय न्हाई, आई, म्याच तपासलं न्हाई," असं काहीबाही बोलत राहिला, पण म्हातारीनं हात वर केला तसा थांबला.

ती कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली. तळवे उलटे करून, सुलटे करून. मला वाटलं आता ही कोसळणार. मी सविताला खुणेनं पाणी आणायला सांगितलं.

म्हातारी कोसळली नाही. ती उठली, घरात गेली आणि एक पितळी वाटी घेऊन बाहेर आली. तळाला थिजलेलं तूप, हळदीनं पिवळं झालेलं. पोळ्याचंच उरलेलं होतं.

"हितं बस," ती कल्याणला म्हणाली.

तो बसला. तिनं त्याच्या सदऱ्याची वरची बटणं काढली, कापड खांद्यावरून खाली सरकवलं. प्रेत ओढताना दोरीनं तिथं कातडं सोलवटलं होतं. तिनं दोन बोटं वाटीत बुडवली.

"रबराला चालत न्हाई म्हनं," ती म्हणाली. "मानसाला चालतं."

आणि ती खांदा मळायला लागली, दोरीच्या वळाच्या कडेकडेनं, हळू. कल्याण लहान पोरासारखा रडत होता आणि हलत नव्हता. सविता पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली.

एक खांदा झाला, दुसरा झाला. मग म्हातारीनं पदराला हात पुसला आणि त्याच्या कानाशी वाकली. बसलेल्या आवाजात ती बोलली, तरी मला ऐकू आलं.

"आज आवतन घे, लेकरा. उद्या जेवाया ये."